ऑपरेशन थिएटरचं कापड: धुऊन वापरायचं की वापरून टाकायचं?

ठाण्यात छोटं नर्सिंग होम चालवणारे ओळखीचे डॉक्टर हल्ली हे वारंवार विचारतात. नौपाड्यातल्या आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये गाऊन आणि ड्रेप (पेशंटवर अंथरायची कापडं) यांचे दोन्ही प्रकार वापरून झाले आहेत, म्हणून लिहितो.

डिस्पोजेबलचं, म्हणजे एकदा वापरून टाकायच्या प्रकाराचं, आधी सांगतो. पावसाळ्यात त्याला तोड नाही. जुलैत कापड वाळत नाही. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रातून, कापडाचा पॅक ओलसर निघाला की तो निर्जंतुक धरता येत नाही. सिस्टर तो बाजूला काढतात आणि सकाळची पहिली केस रखडते. लॉन्ड्रीची गाडी घोडबंदर रोडला अडकली तरी तीच गत. शिवाय सिझेरियन किंवा आर्थ्रोस्कोपीत (सांध्यात दुर्बीण घालून केलेल्या ऑपरेशनमध्ये) जुनं हिरवं सुती कापड आरपार भिजतं.

तरी माझं मन कापडाकडे वळलं ते डिस्पोजेबलच्या तयार किटमुळे, ज्यात सगळे गाऊन-ड्रेप एकत्र बांधून येतात. हायड्रोसीलसारखी लहान केस असली तरी किट अख्खं उघडावं लागतं. त्यातले काही ड्रेप घडीसुद्धा न मोडता ट्रॉलीवर पडून राहतात. उघडलेलं पुढच्या पेशंटला चालत नाही, त्यामुळे केस संपली की मावशी सगळं एकत्र गुंडाळून पिवळ्या पिशवीत भरतात. म्हणजे रक्ताचा थेंबही न लागलेलं पॉलिप्रॉपिलीन (हे ड्रेप ज्या प्लास्टिकचे असतात ते) थेट भट्टीत जाळायला जातं, आणि त्याचे पैसे पेशंटच्या बिलात लागतात. दोन केसच्या मधल्या घाईत ते वेगळं काढत बसायला माणूस तरी कुठून आणायचा? हे रोज डोळ्यांसमोर बघणं मला फार जड जाऊ लागलं. कापडात सिस्टर केस बघून सेट बांधतात. लागेल तेवढंच उघडतं.

धुण्याला पाणी आणि वाफ लागते, हा आक्षेप रास्तच आहे. पण २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या सर्जिकल गाऊनच्या जीवनचक्र अभ्यासात (बनवण्यापासून टाकून देईपर्यंतचा हिशोब), धुलाई धरूनही, पुन्हा वापरायच्या गाऊनचं हरितवायू उत्सर्जन सुमारे ६६ टक्के आणि घनकचरा ८४ टक्के कमी भरला. आपल्याकडच्या लॉन्ड्रीचा बॉयलर कशावर चालतो त्यावर हा फरक कमी-जास्त होईल. आमच्यापुरतं सांगायचं तर संध्याकाळी गाडीत चढणाऱ्या पिवळ्या पिशव्या नजरेत भरण्याइतक्या कमी झाल्या.

कापड घ्याल तर सुती नको. दाट विणीचं, पाणी न शोषणारं पॉलिएस्टर बघा. प्रत्येक धुलाईनंतर उजेडावर धरून भोकं तपासायची सवय लावा आणि पावसाळ्यासाठी जादा सेट ठेवा. पाण्या-रक्ताच्या मोठ्या केसना आम्ही अजूनही डिस्पोजेबलच वापरतो, आणि तुमच्याकडे हाडांचं काम जास्त असेल तर तुमचं गणित कदाचित वेगळं येईल. तेव्हाही किट मागवू नका. गाऊन आणि ड्रेप सुटे मागा. पुरवठादार थोडी कुरकुर करतात, पण देतात.