ऑटो ग्रीसरच्या नावाखाली १,४८,१२० रुपये गेले. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनग्यातल्या कारखानदारांनी वाचाच

आधी आकडा लिहितो. १,४८,१२० रुपये. त्यातले ४,७०० रोख दिले, १,१०,९२० बँकेतून गेले आणि ३२,५०० त्या नकली ऑटो ग्रीसरमुळे (बेअरिंगला आपोआप ग्रीस देणाऱ्या डब्यांमुळे) जळालेल्या ब्लोअरच्या दुरुस्तीला लागले. त्या दिवशी प्लांट बंद पडला, भट्टीत वितळलेलं लोखंड साच्यांऐवजी पिगमध्ये, म्हणजे नुसत्या ठोकळ्यांत, ओतावं लागलं, ते यात धरलेलंच नाही.

आमची उद्यमबागेत बिडाच्या ओतकामाची छोटी फाउंड्री आहे. हे लिहायला लाज वाटते. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. तरी लिहितोय, कारण ते डबे विकणारा माणूस अजून फिरतोय. मच्छ्यात एका ओळखीच्या शेडमध्ये परवा त्याच स्टिकरचा डबा प्लमर ब्लॉकवर (बेअरिंगच्या घरावर) बसवलेला बघितला आणि डोक्यात तिडीक गेली.

ऑटो ग्रीसर म्हणजे काय ते या धंद्यातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. बेअरिंगचा निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) काढायचा, त्या जागी १२५ मिलीचा पारदर्शक डबा आट्यावर फिरवून बसवायचा, वरची चकती १ ते १२ पैकी हव्या त्या महिन्यावर लावायची. आत छोटा सेल असतो, त्यातून हळूहळू गॅस तयार होतो, गॅस पिस्टन ढकलतो आणि ग्रीस बेअरिंगमध्ये उतरतं. अस्सल वस्तू चांगलीच आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

आणि मी हौसेनं किंवा हावेनं घेतलं असं कुणी म्हणू नये. आमच्या सँड प्लांटवर, म्हणजे साच्यांची रेती तयार करतो तिथं, ग्रीसचे चाळीस पॉइंट आहेत. मलर (रेती कालवणारं यंत्र), कन्व्हेयर, बकेट एलिव्हेटर, डस्ट कलेक्टरचा ब्लोअर. एलिव्हेटरचं वरचं बेअरिंग शेडच्या पत्र्याला टेकलेलं, तिथं ग्रीस गन घेऊन हेल्पर शिडीवर चढतो तेव्हा खाली उभं राहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पावसाळ्यात ती शिडी ओली असते. रेतीची धूळ एवढी की निप्पल पुसल्याशिवाय गन लावली तर ग्रीसबरोबर रेतीही आत जाते. वडिलांच्या वेळेला लेथला थेंब-थेंब तेल सोडणारे काचेचे ऑइलर होते, सकाळी एकदा भरले की दिवसभर बघायला नको. तसंच काही सँड प्लांटला मिळावं असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. गरज खरी होती. त्या माणसानं नेमकी ती ओळखली.

आला तो ओळखीनं. बोलणं अस्सल कोल्हापुरी, कार्डावर पत्ता कोल्हापूरकडच्या एमआयडीसीतला. "मालक, पलीकडनं आलोय. आपल्या मराठी माणसांचे कारखाने म्हणून बेळगावला वेगळा रेट लावलाय." चहा घेतला, माझ्या मुलाच्या शिक्षणाची चौकशी केली, सीमाभागातल्या माणसांचं कसं हाल होतंय यावर बोलला. डब्याला २,३५० रुपये. पलीकडचा माणूस आपल्या भाषेत आपुलकीनं बोलला की इकडच्या माणसाचं मन लगेच मऊ होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. याचा मला पैशापेक्षा जास्त राग आहे.

आता तो डेमो. रात्री झोप लागत नाही ती यामुळे.

टेबलावर त्यानं एक डबा ठेवला, चकती १ वर लावली आणि म्हणाला बघत राहा. चहा संपायच्या आत तोंडातून बोटभर ग्रीस बाहेर आलं, गोल, पिवळसर, टेबलावरच्या कागदावर वळून पडलं. सगळे खूश. आमचे फिटर मामा तेवढे कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मालक, हे लई बेगीन यायलंय की." तो लगेच म्हणाला, "मामा, डेमोसाठी जादा प्रेशर ठेवलंय." आणि विषय बदलला.

हिशोब साधा होता. १२५ मिली ग्रीस एका महिन्यात संपायचं तर दिवसाला साधारण चार मिली. म्हणजे दहा मिनिटांत एक थेंबसुद्धा भरत नाही! गॅसवाला डबा चालू केल्यावर आत दाब तयार व्हायलाच वेळ लागतो, बसवला आणि लगेच ग्रीस आलं असं होतच नाही. टेबलावर बोटभर ग्रीस आलं याचा अर्थ त्या डब्यात गॅसचा सेल नव्हता, नुसती स्प्रिंग होती. मामांनी चाळीस वर्षं बेअरिंगं हाताळली, त्यांच्या नजरेला ते दिसलं. तेव्हाच डबा हातात घेऊन उघडायला सांगायला हवं होतं. पण समोर पाहुणा, भाषा आपली, बोलणं गोड. अशा वेळी कोण कागद-पेन्सिल घेऊन भागाकार करत बसतो? तुम्हीही बसला नसतात. म्हणून आता सांगतो: ऑटो ग्रीसरचा डेमो जर डोळ्यांसमोर भराभर ग्रीस सोडत असेल तर त्या विक्रेत्याला तिथूनच बाहेर काढा.

तरीसुद्धा मी आंधळेपणानं चाळीस डबे मागवले नाहीत. आधी दोन ट्रायलला घेतले, ४,७०० रुपये रोख, बिल नाही. एक मलरला, एक कन्व्हेयरला, दोन्ही १ वर. महिन्यात दोन्ही व्यवस्थित रिकामे झाले, बेअरिंगं गार होती. अजून काय तपासायचं माणसानं? नंतर, सगळं झाल्यावर, त्या रिकाम्या डब्यावरचं स्टिकर मी नखानं खरवडलं. खाली प्लास्टिकमध्येच दुसऱ्या एका कंपनीचं नाव उठवलेलं होतं. दोन अस्सल डबे बाजारातून घेऊन, वर आपलं स्टिकर मारून दिले होते. गळाला लावलेलं आमिष. ट्रायलचा माल चांगला निघाला म्हणजे ऑर्डरचा माल चांगला असेल, असं समजू नका. ऑर्डर आल्यावर त्यातला एक डबा, कोणताही एक, फोडून बघा. २,३५० जातील, बाकीचे वाचतील.

ऑर्डर चाळीस डब्यांची. ९४,००० आणि वर १८ टक्के जीएसटी १६,९२०, एकूण १,१०,९२०. निम्मे ५५,४६० आगाऊ, उरलेले ५५,४६० माल निघायच्या आधी. दोन्ही एनईएफटीनं. माल आला ट्रॅव्हल्सच्या बसनं, पार्सल म्हणून. ५० हजारांवरचा माल राज्याच्या हद्दीबाहेर जाताना ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागतं हे मला माहीत नाही असं नाही. फोनवर विचारलं तर म्हणाला, "कोगनोळीच्या सीमानाक्याला काही अडत नाही, आपली रोजची गाडी आहे." रविवारी पार्सल आलं, सोमवारी भट्टी लावायची होती, माणसं थांबलेली. सोडून दिलं.

आणि एक खास सूचना त्यानं केली होती: सगळे डबे १२ वर लावा, वर्षभर बघायला नको. यातली मेख नंतर कळली. १२ वर महिन्याला जेमतेम दहा मिली ग्रीस उतरतं. आमच्या डब्यात ती पातळी महिन्याला अर्धा सेंटिमीटर खाली गेली तर गेली. वर धूळ बसलेली. हेल्पर रोज फडक्यानं डबा पुसून बघायचा आणि म्हणायचा, उतरलंय थोडं. प्रत्यक्षात काहीच उतरत नव्हतं. आणि डबे बसवले म्हणून आम्ही गन मारणं बंद केलं होतं. वस्तू इतकी सावकाश चालणारी आहे की ती बंद आहे हे कळायलाच महिना-दीड महिना जातो. तोवर विकणारा फोन बंद करून बसलेला असतो. नवीन डबा बसवला की मार्करनं पातळीला रेघ मारा आणि खाली तारीख लिहा. पहिला डबा १ वरच ठेवा. गन लगेच कपाटात टाकू नका.

ब्लोअर ओरडायला लागला तेव्हा भट्टी भरलेली होती. हात लावला तर प्लमर ब्लॉक तापलेला. उघडल्यावर आत ग्रीस नव्हतंच, काळी पूड होती, केज तुटलेला, स्लीव्ह शाफ्टला चिकटलेली. बेअरिंग, स्लीव्ह आणि ब्लॉक मिळून १८,६००. शाफ्ट भरून घासून घ्यायला ९,४००. पंख्याचं बॅलन्सिंग ४,५००.

त्याच संध्याकाळी मामांनी व्हाइसमध्ये धरून एक डबा कापला. पिस्टन होता, खाली ग्रीस होतं, वास आणि रंग बघता गाड्यांना मारतात ते स्वस्तातलं चासी ग्रीस. सेलच्या जागी एम-सीलचा गोळा, वजन भरावं म्हणून. वरची चकती फिरायची, पण ती आत कशालाच जोडलेली नव्हती. मग दुसरा कापला, तिसरा कापला. सगळे तसेच.

बिलाची गोष्ट आमच्या अकाउंटंटनी काढली, जीएसटीआर-२बी मध्ये (विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीत) ते बिल दिसेना तेव्हा. तुम्ही सीमाभागात धंदा करत असाल तर एवढं डोक्यात कोरून ठेवा. विक्रेत्याचा जीएसटी नंबर २७ नं सुरू होत होता, म्हणजे महाराष्ट्र. आमचा २९, कर्नाटक. दोन राज्यांतला व्यवहार म्हणजे आयजीएसटी १८ टक्के अशी एकच ओळ पाहिजे. या बिलावर सीजीएसटी ८,४६० आणि एसजीएसटी ८,४६० अशा दोन ओळी होत्या. नोंदणी असलेला, रिटर्न भरणारा माणूस असं बिल काढत नाही. नंबर पोर्टलवर टाकून बघितला तर आमच्या बिलाच्या कितीतरी आधीच रद्द झालेला. एक मिनिटाचं काम आहे, फुकट आहे, पैसे पाठवायच्या आधी करा. १६,९२० रुपये सरकारच्या नावानं घेऊन तो खिशात घालून गेला आणि आम्हाला त्या कराचं क्रेडिटही (वजावट) नाही.

आता तक्रारीचं ऐका.

पोलीस ठाण्यात गेलो. पहिलं वाक्य, माल मिळालाय ना, मग ही फसवणूक कसली, हे सिव्हिल मॅटर, वकील गाठा. दुसरं वाक्य, विकणारा महाराष्ट्रातला, तिकडं जा. तिसरं, अर्ज कन्नडमध्ये लिहून आणा. कन्नड मला येतं, कामगारांशी, ग्राहकांशी रोज बोलतो, त्या भाषेशी माझं भांडण नाही. पण राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाणं मांडणारा माणूस केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत अर्ज देऊ शकतो. हे बोललो तर साहेबांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. अर्ज कन्नडमध्ये करून नेला. त्यावर पोचही दिली नाही.

सीमेपलीकडच्या ठाण्यात गेलो. तिथं भाषा आपली, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सांगितलं, पैसे बेळगावातून गेले, माल बेळगावात आला, गुन्हा तिकडचा. कार्डावरच्या पत्त्यावर जाऊन बघा म्हटलं तर म्हणाले, तुम्हीच बघून या. बघून आलो. त्या गाळ्यात भलताच धंदा आहे, त्या लोकांनी हे नावही ऐकलेलं नाही.

१ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३: गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्यानं माहिती नोंदवून घेतलीच पाहिजे. कलम २०२: फसवणुकीचा खटला पैसे दिले तिथंही चालतो आणि पैसे मिळाले तिथंही. म्हणजे दोन्ही ठाण्यांची हद्द लागते. दोघांनीही सांगितलं आपली नाही! मग हा कायदा कुणासाठी केला? आमच्यासारख्यांच्या दोन्ही बाजूंना सरकार आहे आणि मधल्या माणसाला कुणी नाही. तो भामटा मूर्ख नाही. त्यानं बेळगाव, निपाणी, खानापूर हा पट्टा उगाच निवडलेला नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, ते म्हणाले समोरासमोर झालेला व्यापाराचा व्यवहार आहे, आणि उशीरही झालाय. बँक म्हणाली, तुम्ही स्वतःच्या सहीनं पाठवलेत. ग्राहक आयोगाबद्दल वकिलांनी सांगितलं की धंद्यासाठी घेतलेली वस्तू म्हणून पहिल्याच दिवशी हरकत येणार, स्वतःच्या उदरनिर्वाहाचा धंदा आहे हे सिद्ध करत बसावं लागेल. जीएसटी कार्यालयात बिलाची प्रत दिली, तिथं निदान शिक्का मारून पोच मिळाली. एवढ्या सगळ्या फिरण्यातनं हाती आलेला एकमेव कागद तो.

कुठल्याही ठाण्यात तोंडी बोलून परत येऊ नका. घेत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं एसपी साहेबांना पाठवा आणि पावती जपा. मी तो पाठवलाय. आता वकिलांमार्फत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली तपासाचा आदेश मागायला मॅजिस्ट्रेटकडे जातोय, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ च्या फसवणुकीसाठी.

डब्यावर निळ्या थेंबाचं चित्र आणि खाली मराठीत "बारा महिने निश्चिंत" असं छापलेलं आहे. ज्यांच्याकडे असे डबे असतील त्यांनी आजच गन काढून सगळ्या पॉइंटना ग्रीस मारा, उद्यावर टाकू नका, ब्लोअर आणि एलिव्हेटर सगळ्यात आधी. मग एक डबा साक्षीदारांसमोर, मोबाइलवर शूटिंग करत कापा. बाकीचे भंगारात घालू नका, तो पुरावा आहे. बिल, बँकेचं स्टेटमेंट आणि ट्रॅव्हल्सच्या पार्सलची पावती घेऊन माझ्याकडे या, कोर्टातल्या अर्जाला सगळ्यांची बिलं एकत्र जोडू. ज्यांनी रोख दिलेत त्यांनीही या.