ट्रस्टपलीकडचं आरडीपी लॉगिन अडलं की: विंडोजमधल्या फुकट टूल्सचा रिव्ह्यू

दोन कंपन्या एकत्र आल्या, दोघांचं एडी (अॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे कंपनीच्या युजर आणि कॉम्प्युटरांची मध्यवर्ती नोंदवही; अख्ख्या मांडणीला फॉरेस्ट म्हणतात) वेगळं, मध्ये फॉरेस्ट ट्रस्ट बांधला, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या युजरची ओळख मानायची सोय केली, आणि आता इकडच्या माणसाला तिकडच्या सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने जायचंय पण लॉगिन काही होत नाही, हे लोढणं ज्याच्या गळ्यात पडलंय त्याच्यासाठी हा रिव्ह्यू. आमच्या ग्रुपने दुसरी एक कंपनी घेतली तेव्हापासून माझं हेच चालू आहे. वेंडर लोक यासाठी महागडी डायग्नोस्टिक टूल्स गळ्यात मारायला बघतात. माझं मत, एक रुपया घालवू नका, लागतं ते सगळं विंडोजमध्येच पडलंय. फक्त त्यातलं कुठलं कामाचं आणि कुठलं नुसतं डोकं फिरवतं ते माहीत पाहिजे.

पहिला नंबर एमएसटीएससीचा, म्हणजे आपण रोज उघडतो ती रिमोट डेस्कटॉपची खिडकी. कनेक्शनसाठी झकास, पण काय बिघडलंय ते सांगायच्या बाबतीत पाचपैकी एक स्टार, तोही जुन्या ओळखीखातर. बरेचदा नुसतं 'लॉगऑन अटेम्प्ट फेल्ड' म्हणून मोकळी होते. अकाउंट्सच्या मॅडमचा फोन येतो, "अहो सर पासवर्ड तोच आहे, सकाळी ह्याच पासवर्डने लॅपटॉप उघडला ना मी!" आणि मॅडमचं अगदी खरं असतं. पासवर्ड बरोबर, अकाउंट चालू, तरी तो मेसेज पाहून हेल्पडेस्कचा पोरगा पहिलं काय करतो तर पासवर्ड रिसेट. मग जुना सेव्ह केलेला पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोजची पासवर्ड साठवायची जागा) टर्मसर्व्हच्या, म्हणजे रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसच्या, नावाने तसाच बसलेला असतो, एमएसटीएससी तोच पुढे करते, चारदोनदा असं झालं की अकाउंट लॉक. म्हणजे एकाचे दोन प्रॉब्लेम.

खरं उत्तर क्लायंटवर नसतंच, समोरच्या सर्व्हरवर असतं. तिथला इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिक्युरिटी लॉग, इव्हेंट ४६२५. याला साडेचार स्टार. आत खाली स्टेटस आणि सब-स्टेटस असे दोन लांबलचक कोड असतात, त्यांचे शेवटचे आकडे बघायचे. शेवटी ०६४ असेल तर असा युजर सापडलाच नाही, ०६ए म्हणजे युजर आहे पण पासवर्ड चुकला, १५बी म्हणजे ओळख पटली पण ह्या प्रकारे लॉगिन करायचा हक्क दिलेला नाही, १३३ म्हणजे घड्याळं जुळत नाहीत, आणि ४१३ म्हणजे ऑथेंटिकेशन फायरवॉल. एवढे पाच पाठ केले तरी निम्मं काम झालं. अजून एक, लॉगऑन टाइप १० (रिमोट डेस्कटॉप) शोधत बसाल तर कदाचित काहीच मिळणार नाही, कारण एनएलए (सेशन उघडण्याआधीच ओळख तपासणारी सोय) चालू असलं की आधीची तपासणी टाइप ३ (नेटवर्क) म्हणून नोंदली जाते आणि लोक तिथेच फसतात, फिल्टर दहाचा लावतात आणि म्हणतात लॉगच येत नाहीये. अर्धा स्टार कापला कारण कर्बरॉसचं (एडीची ओळख पटवायची मुख्य पद्धत, ती डिजिटल तिकिटांवर चालते) तिकीटच नाकारलं गेलं असेल तर बिचाऱ्या सर्व्हरला पत्ताच नसतो, तेव्हा तिकडच्या डीसीवर (डोमेन कंट्रोलर, एडी चालवणारा सर्व्हर) जाऊन इव्हेंट ४७६९ (तिकीट मागितल्याची नोंद) बघावा लागतो, आणि ऑडिटिंग चालू नसेल तर तिथेही शुकशुकाट.

आता ते ४१३. हे नावाला फायरवॉल आहे पण नेटवर्कवाल्यांशी याचा काडीचा संबंध नाही, उगाच त्यांच्याकडे तक्रार टाकू नका, ते रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट ३३८९ उघडा असल्याचा स्क्रीनशॉट पाठवून तक्रार बंद करतील. ट्रस्ट बांधताना सिलेक्टिव्ह ऑथेंटिकेशन निवडलेलं असलं की असं होतं. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने आत सोडलं म्हणून प्रत्येक फ्लॅटचं दार उघडत नाही ना, तसंच, ट्रस्ट आहे पण प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळी परवानगी लागते. ती द्यायची तिकडच्या एडीमध्ये, त्या सर्व्हरच्या कॉम्प्युटर ऑब्जेक्टवर, 'अलाउड टू ऑथेंटिकेट' नावाची टिक. आणि इथे गंमत बघा, ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅब दिसतच नाही जोपर्यंत व्ह्यू मेनूमधून अॅडव्हान्स्ड फीचर्स चालू करत नाही. समोरचे अॅडमिन सर मला फोनवर ठामपणे सांगत होते की "असा टॅब आमच्या व्हर्जनमध्ये नाहीच हो." स्क्रीन शेअर करा म्हटलं, मेनू उघडायला लावला, टॅब आला. टिक मारली आणि मॅडम आत!

आत म्हणजे काय, पुढच्या दारापर्यंत. कारण त्यानंतर १५बी. रिमोट डेस्कटॉप युजर्स ग्रुपमध्ये माणूस पाहिजे, शिवाय सर्व्हरच्या पॉलिसीत 'अलाऊ लॉग ऑन थ्रू रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस' मध्ये तो ग्रुप पाहिजे, आणि कुठल्या डिनाय यादीत नको, डिनाय असला की तो कायम जिंकतो. आता ग्रुपचा घोळ. एडीत ग्रुपचे तीन प्रकार, ग्लोबल, युनिव्हर्सल आणि डोमेन लोकल. तिकडच्या ग्लोबल ग्रुपमध्ये इकडचा युजर जातच नाही, युनिव्हर्सलमध्येही दुसऱ्या फॉरेस्टचा माणूस बसत नाही, फक्त डोमेन लोकलमध्ये बसतो. म्हणून आमच्याकडे आता ठरलंय, आमचा ग्लोबल ग्रुप आमच्याकडे, त्यांचा डोमेन लोकल त्यांच्याकडे, आमचा त्यांच्यात टाकायचा, आणि परवानगी फक्त डोमेन लोकलला. मग नवीन माणूस आला की समोरच्या सरांना त्रास नाही. ग्रुपमध्ये टाकल्यावर माणसाला लॉगऑफ करून परत यायला सांगा, जुन्या तिकिटात नवा ग्रुप नसतो.

माझ्या मते या सगळ्यात बाजी मारतं ते केलिस्ट, म्हणजे कर्बरॉसची तिकिटं दाखवणारी कमांड. पाचपैकी पाच. काळी खिडकी, ना ग्राफ ना रंग, पण खोटं बोलत नाही. युजरच्या लॅपटॉपवर 'केलिस्ट गेट' लिहून पुढे टर्मसर्व्ह, स्लॅश आणि सर्व्हरचं पूर्ण नाव टाकायचं. तिकीट आलं तर कर्बरॉसचा रस्ता साफ आहे. नाही आलं तर कुठवर पोचला ते यादीत दिसतं, म्हणजे समोरच्या डोमेनचं क्रबटीजीटी तिकीट (तिकडच्या डीसीकडे पुढचं तिकीट मागायचा पास) यादीत असेल तर आपल्या डीसीने त्याचं काम केलंय, घोळ पलीकडे आहे. ते सुद्धा नसेल तर आपल्याच घरात बघा. ट्रस्टपलीकडे जाताना आपल्या लॅपटॉपला थेट तिकडच्या डीसीशी कर्बरॉसच्या पोर्ट ८८ वर बोलावं लागतं हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच नसतं. व्हीपीएनवाल्यांनी फक्त सर्व्हर आणि ३३८९ उघडलेला असतो, डीसीकडचा रस्ता बंद, मग विंडोज गुपचूप एनटीएलएमवर (ओळख पटवायची जुनी, कमी सुरक्षित पद्धत) उतरतं, लॉगिन होतं, सगळे खूश. आणि एक दिवस सिक्युरिटी टीम एनटीएलएम बंद करते किंवा मोठ्या साहेबांचं अकाउंट प्रोटेक्टेड युजर्स ग्रुपमध्ये टाकते, ज्यात एनटीएलएम चालतच नाही, आणि काल चालणारं आज बंद. मग म्हणायचं अपडेटने बिघडवलं.

आयपी टाकून कनेक्ट करायची सवय असेल तर तीही सोडा. आयपीने गेलात की साधारणपणे कर्बरॉस बाजूलाच राहतं आणि गाडी एनटीएलएमवर जाते. पूर्ण नाव टाका, आणि नाव रिझॉल्व्ह होत नसेल तर दोन्हीकडे डीएनएसमध्ये कंडिशनल फॉरवर्डर (समोरच्या डोमेनची नावं त्यांच्याच डीएनएसला विचारायची सेटिंग) आहे का बघा. युजरनेम कसं टाकताय तेही महत्त्वाचं. विलीनीकरणानंतर एचआर म्हणतं सगळ्यांचा ईमेल एकाच नावाने, मग दोन्ही फॉरेस्टमध्ये तोच यूपीएन सफिक्स (ईमेलसारख्या युजरनेममधला @ नंतरचा भाग) चढतो, आणि ट्रस्टला कळत नाही हा सफिक्स नक्की कुणाचा, राउटिंगमध्ये कॉन्फ्लिक्ट. अशा वेळी ईमेलसारखं नाव टाकून लॉगिन मार खातं आणि डोमेन, बॅकस्लॅश, युजर असं लिहिलं की तोच माणूस सुखरूप आत जातो. हा फरक दिसला की सफिक्सच बघा, दुसरीकडे वेळ घालवू नका.

एनएलटेस्ट आणि नेटडोम या दोन कमांडना साडेतीन स्टार. ट्रस्ट जिवंत आहे का, डीसी सापडतो का, एवढं झटक्यात सांगतात, पुढे काही नाही. घड्याळ मात्र बघून ठेवा, कर्बरॉसला डिफॉल्ट पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालतो, त्याच्या पुढे नाही. आणि कुणी हार्डनिंग (सुरक्षा कडक करणं) म्हणून आरसीफोर हे जुनं एन्क्रिप्शन बंद केलं असेल तर ट्रस्टच्या प्रॉपर्टीजमध्ये एईएस या नव्या एन्क्रिप्शनची टिक आहे का ते दोन्ही बाजूंनी तपासा.

आता नेटवर पहिला सल्ला काय मिळतो, तर एनएलए बंद करा. याला शून्य स्टार. एखाद्या टेस्ट सर्व्हरवर खरा मेसेज बघायला पाच मिनिटं बंद केलं तर समजू शकतो, पण तसंच सोडून देणारे महाभाग आहेत. २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधली ब्लूकीप नावाची त्रुटी निघाली तेव्हा लॉगिन न करता जुन्या मशीनमध्ये घुसता येत होतं, आणि एनएलए चालू ठेवा हाही एक तात्पुरता आडोसा म्हणून सांगितला गेला होता. तशीच गोष्ट क्रेडएसएसपीच्या (युजरची ओळख सर्व्हरपर्यंत पोचवणारा, एनएलए वापरतं तो भाग) एररची. मे २०१८ च्या अपडेटनंतर पॅच केलेला क्लायंट आणि पॅच न केलेला सर्व्हर यांचं जमेना, लोकांनी सर्व्हर पॅच करायच्या ऐवजी क्लायंटची पॉलिसी 'व्हल्नरेबल' करून टाकली, आणि अजून कित्येक ठिकाणी ती तशीच आहे. नवीन घेतलेल्या कंपनीचे लॅपटॉप आले की मी आधी ही पॉलिसी बघतो.

समोरच्या कंपनीच्या अॅडमिनला फोन करायच्या आधी एवढं हाताशी ठेवा: केलिस्टचा आउटपुट, सर्व्हरचं पूर्ण नाव, आणि लॉगिन अडलं ती नेमकी वेळ सेकंदासकट. "लॉगिन होत नाहीये" म्हणून फोन केलात तर ते म्हणणार "आमच्याकडून तर सगळं ओके आहे." वेळ दिली की त्यांना लॉग उघडून ४६२५ शोधावाच लागतो, आणि तो सापडला की कोड वाचून दाखवायला सांगा, शेवटचे तीन आकडे पुरेत.