गेटवे ते घारापुरी लाँच: जळगाव-भुसावळकरांसाठी
रात्रीच्या गाडीने सकाळी सीएसएमटीला उतरलात आणि हातात मुंबईचा एकच दिवस असेल, तर गेटवेवरून घारापुरीची लाँच पैसे वसूल करते. सोमवार तेवढा टाळा, लेणी बंद असतात. प्रवास तासाभराचा, वरच्या डेकचे पैसे वेगळे, पण वारा तिथेच. धक्क्यावरून छोटी रेल्वे आहे, पुढच्या सव्वाशेक पायऱ्या मात्र चढाव्याच लागतात. शिदोरीतली कळण्याची भाकरी नि ठेचा लाँचमध्येच संपवा. वर माकडं हातातली पिशवी ओढतात. सुमारे २० फुटी त्रिमूर्तीसमोर घाई नको. डोळे अंधाराला सरावले की मगच डावीकडचा उग्र चेहरा आणि त्याच्या मिशा दिसतात. परतीचं तिकीट जपा, शेवटच्या लाँचला रेटारेटी असते. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्याच बंद.