पत्र्याच्या शेडमध्ये फाइव्ह-जी: आधी डबा, की आधी नेटवर्क?

भोसरी-चाकणकडचे छोटे कारखानदार हल्ली भेटले की विचारतात, फाइव्ह-जी घेऊ का वाय-फायवर भागेल? त्याआधी एक ठरवावं लागतं. कॅमेऱ्याने काढलेला मालाचा फोटो तपासायचा कुठे, शेडमधल्याच डब्यात, म्हणजे कॉम्प्युटरवर, की क्लाउडवर, म्हणजे नेटवरून दूरच्या डेटा सेंटरमध्ये?

प्रेसवरून उतरणाऱ्या जॉबवर, म्हणजे तयार भागावर, केसाएवढी चीर आहे का, हे बघायला ५ मेगापिक्सेलचा कृष्णधवल कॅमेरा लावला, तर एक कच्चा फोटो साधारण ५ एमबीचा होतो. चार कॅमेरे, प्रत्येकाचा सेकंदाला एक फोटो, म्हणजे सेकंदाला २० एमबी. नेटच्या भाषेत १६० एमबीपीएस, तेही अपलोड आणि तेही पूर्ण शिफ्टभर. जाहिरातीत आकडा असतो तो डाउनलोडचा. ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दोन्ही दिशांची वाहतूक आळीपाळीने एकाच वाटेने जाते आणि जास्त वेळ डाउनलोडच्या वाट्याला येतो. फोटो दाबून लहान केला तर भागतं, पण मग बारीक चीर पुसली जाण्याची भीती.

शेडमध्येच जीपीयूवाला (फोटो झटपट तपासणाऱ्या चिपचा) इंडस्ट्रियल पीसी बसवला, ज्याला एज म्हणतात, तर हा सगळा बोजा जागच्या जागी राहतो. बाहेर जातात फक्त निकाल आणि रिजेक्ट मालाचे फोटो. नेट गेलं तरी लाइन थांबत नाही. पण हा डबा सांभाळावा लागतो. मी बसवलेल्या एका पीसीचा फिल्टर तीन महिने कुणी उघडलाच नव्हता; आत कूलंटच्या तेलात मळलेली धुळीची वडी झाली होती आणि मशीन तापून बंद पडत होतं. क्लाउडला ही कटकट नाही. अंतराचं म्हणाल, तर मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटरं पुण्यात २०१५ पासून आहेत, ॲमेझॉनची मुंबईत २०१६ पासून. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर जातो. तेव्हा मुंबई लांब पडते हे कारण खरं नाही. अडतं ते अपलोडवर आणि खोदकामात जेसीबीने तोडलेल्या फायबरवर. महिन्याचे रिपोर्ट, चीर ओळखणाऱ्या मॉडेलचं प्रशिक्षण, दोन प्लांटची तुलना यासाठी क्लाउडच बरा.

आता नेटवर्क. मशीन जागची हलत नसेल तर केबल ओढा, विषय संपला. हँड स्कॅनर, टॅबलेट यांना वाय-फाय पुरतं. लायसन्स नाही, खर्च कमी. ते उघडं पडतं फिरत्या गाडीवर. वाय-फायचा सिग्नल देणाऱ्या एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर लिंक तुटते. स्कॅनरवाल्याला ते कळतही नाही, आपोआप चालणारी ट्रॉली मात्र मधेच उभी राहते.

सार्वजनिक फाइव्ह-जी देशात १ ऑक्टोबर २०२२ ला आलं. टॉवर जवळ असला तरी पत्रा सिग्नल अडवतो. म्हणून गेटवर नाही, प्रेसच्या शेजारी उभं राहून अपलोड मोजा, तेही शिफ्ट बदलताना, शेकडो मोबाइल चालू असतात तेव्हा.

खासगी फाइव्ह-जी, म्हणजे फक्त आपल्या कारखान्यापुरतं नेटवर्क, फिरत्या गाड्यांना सर्वांत भरवशाचं आणि सर्वांत खर्चिक. दूरसंचार विभागाने जून २०२२ मध्ये त्याची नियमावली काढली. त्यात लायसन्सच्या अर्जाची फी ५० हजार होती, प्रवेश शुल्क नव्हतं. ऐकायला स्वस्त वाटतं, पण खरा पैसा रेडिओ (सिग्नल देणारी यंत्रं), कोअर (नेटवर्क चालवणारी मुख्य यंत्रणा) आणि ते चालवणाऱ्या माणसांत जातो. स्पेक्ट्रमसाठीही व्यवहारात टेलिकॉम कंपनीचं दार ठोठावावं लागतं. महिंद्राच्या चाकण प्लांटमध्ये एअरटेल आणि टेक महिंद्राने २०२२ मध्ये असं नेटवर्क उभारलं. तयार होणाऱ्या गाड्यांमध्ये सॉफ्टवेअर भरायचं काम त्याने वेगात होतं. साठ कामगारांच्या व्हेंडरने त्यांची नक्कल करायचं कारण मला दिसत नाही.

माझे पैसे असते तर आज डबा आणि केबल घेतली असती, सोबत फायबर तुटल्यावर आधाराला एक फाइव्ह-जी सिम. खासगी नेटवर्कचा विचार शेडमध्ये पाच-सहा स्वयंचलित ट्रॉल्या फिरायला लागल्यावर. तोवर एखाद्या गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाईल, तेव्हा यूपीएसवर डबा किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून बघा. कोटेशन त्यानंतर मागवा.