ऑलग्रिपवाल्या (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) ग्रँड व्हिटाराला ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) टायर: घालावेत का?

नाशिकहून घोटीमार्गे वैतरणाच्या बॅकवॉटरला तंबू ठोकायला जायचं असेल, तर पैसे आधी टायरवर घाला. छतावरचे दिवे नंतर.

कंपनीचा साइज 215/60 आर17 (रुंदी 215 मिमी, बाजूची उंची तिच्या 60 टक्के, रिम 17 इंची). त्याजागी 215/65 ऑल-टेरेन घेतले की व्यास साधारण 21 मिमी वाढतो, म्हणजे गाडी जेमतेम 11 मिमी उचलली जाते. हो, एवढीच! खरी कमाई साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची: दगडाच्या धारेने ती सहजी चिरत नाही. 225/65 चा मोह नको, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाक कमानीच्या आतल्या प्लास्टिक लायनरला घासायची भीती. 215/65 टायरवर स्पीडोमीटरही 100 दाखवताना गाडी प्रत्यक्षात 3 टक्के जास्त पळते, हे लक्षात असू द्या.

चारही टायर एकदम बदला. दोन नवे, दोन झिजलेले असले की पुढच्या-मागच्या चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि मागच्या चाकांना ताकद देणारं कपलिंग सतत घसरून तापतं.

दगडगोट्यांत हवा 33 वरून 24 पीएसआयवर आणा, डांबरी लागायच्या आत पुन्हा भरा. मोठा कॉम्प्रेसर लायटर सॉकेटला लावला की फ्यूज उडतो. क्लिपा थेट बॅटरीला, इंजिन चालू ठेवून.

आता उणं. जुलैतल्या काळ्या मातीत टायरच्या खाचा दोन मिनिटांत भरतात आणि टायर पुरता गुळगुळीत होतो. तिथे मागच्या चाकांनाही सतत ताकद देणारा लॉक मोडही कामाला येत नाही. हायवेवर घूं-घूं आवाज वाढतो, मायलेजही थोडं पडतं. फक्त महामार्गावरच फिरणाऱ्यांनी हा खर्च करू नये.