गावरान कोंबड्यांसोबत काय ठेवावं: बदक, टर्की, गिनी फाउल की बटेर?

घरामागे दहा-पंधरा गावरान कोंबड्या आहेत, खुराडं आहे, थोडी मोकळी जागा आहे आणि त्यातच दोन बदकं सोडावी का, टर्की आणावी का असं मनात चाललं असेल तर हे वाचा. सगळे आधी विचारतात की एकमेकांशी भांडतील का. अहो भांडण सहसा आठवडाभरात मिटतं, कोण वरचढ ते ठरलं की सगळे गुमान चरतात. खरा घोळ पाण्याचा आणि विष्ठेचा आहे.

टर्कीपासून सुरू करतो, कारण तिथे मी चांगलाच पोळलोय. बाजारातून आठ पिल्लं आणली, विकणारा म्हणाला कोंबड्यांतच सोडा, काही होत नाही. दोन महिने खरंच काही झालं नाही. मग एका सकाळी बघतो तर एक पिल्लू पंख खाली सोडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभं, आणि पायाशी विष्ठा हळद कालवल्यासारखी पिवळी. पंधरा दिवसांत आठातली सहा गेली, कोंबड्या मात्र ठणठणीत. या रोगाला ब्लॅकहेड म्हणतात. कोंबडीच्या आतड्यात जे बारीक जंत असतात त्यांच्या अंड्यांतून याचा जंतू मातीत पडतो, गांडुळांतही जातो आणि वर्षानुवर्षं टिकतो, कोंबडीला फारसं जाणवत नाही पण टर्कीचं यकृत पार सडवतो. यावर लस मिळत नाही. त्यामुळे टर्की हवीच असेल तर कोंबड्या कधीच फिरल्या नाहीत अशी जागा लागते, नसेल तर नाद सोडा. वर त्यांच्या पिल्लांना २८ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन लागतं आणि कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात, म्हणजे चिक स्टार्टरमध्ये, २०-२१ असतं, म्हणजे खाद्याचं भांडंही वेगळंच.

बदकाचं तसं नाही, जमतं, आणि मला विचाराल तर पहिली जोड बदकाचीच द्यावी. मानमोडीने (राणीखेत रोगाने) खुराडी रिकामी होतात तिथे बदकं सहसा तगतात, आणि खाकी कॅम्पबेल नीट सांभाळली तर वर्षाला २५० च्या वर अंडी देते. पण बदक चोचभर खाद्य घेतं, पाण्यात जातं, तिथे खळबळून खातं, आणि रात्री हे सगळं खुराड्यात चाललं की सकाळी खाली अंथरलेलं तूस चिखलासारखं ओलं, दार उघडताच डोळे चुरचुरतात. ओल्या तुसात रक्ती हगवण आलीच म्हणून समजा, आणि ती लहान पिल्लांना आधी धरते. म्हणून दिवसा एकत्र चरू द्या, रात्री वेगळं, आणि बदकांचं टब खुराड्यापासून लांब, खाली खडी टाकून. बदकाच्या पिल्लांना कोंबडीचंच खाद्य देत असाल तर त्यात नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडतं, पाय वाकडे होतात, थोडी ब्रुअर्स यीस्टची पूड मिसळा.

नर बदकाकडे लक्ष ठेवा. माद्या कमी असल्या की तो कोंबड्यांच्या मागे लागतो, मानेची पिसं धरून दाबतो, आणि त्याचं जननेंद्रिय कोंबड्यासारखं नसतं, कोंबडीला आत जखम होते. एका नराला पाच-सहा माद्या हव्यातच, नाहीतर नर ठेवूच नका, खायच्या अंड्यांना नर लागत नाही.

तळ्यावर हिवाळ्यात रानबदकं उतरत असतील तर आपली तिकडे सोडू नका. बर्ड फ्लू बदकात लक्षणं न दाखवताही राहू शकतो, आणि तो कोंबड्यांचं काय करतो ते २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरने बघितलंय, लाखो कोंबड्या गेल्या.

गिनी फाउल शेतावर राहणाऱ्यांसाठी उत्तम. गोचीड, किडे वेचून खातात, मुंगूस किंवा अनोळखी माणूस दिसला की असा कालवा करतात की कुत्र्याच्या आधी कळतं. पण भिंतीला भिंत लागून शेजारी असेल तर आणू नका, खरंच सांगतो. मोठे झाले की झाडावर झोपायला जातात, आणि गिनीचा नर आपल्या कोंबड्याला पळवून पळवून दमवतो, त्या कोंबड्याला खायला दुसरं भांडं लांब ठेवावं लागतं. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कादंबरी, चितंबरी, श्वेतांबरी अशा जाती काढल्यात, पिल्लं घेताना विचारून बघा.

बटेर (लावा) एकत्र नाहीच. कोंबडी टोचून मारते आणि कोंबड्यांचे रोगही लागतात. सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येते, जागा कमी लागते, म्हणून वेगळ्या पिंजऱ्यात मजेत ठेवा.

आणि काहीही आणलंत तरी आल्या आल्या कळपात सोडू नका. तीन-चार आठवडे लांब ठेवा, जंताचं औषध द्या, खाद्य-पाणी आधी जुन्या कोंबड्यांना आणि मग नव्यांना, आणि नव्यांकडे जायची चप्पल वेगळी, ती तिथेच दाराशी काढून यायची.