जुन्या गाडीचा पिकअप गेलाय? खंडवा रोडचं हे गॅरेज बघा (इंदूर)
जुनी एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी) गाडी आहे आणि पिकअप मेलाय, अशांसाठी लिहितोय. माझी 2006ची 1.1 लिटर पेट्रोल, शहरात रामबाग ते पलासिया मस्त चालायची पण खंडवा रोडचा भेरूघाट लागला की थर्डमध्ये दम सोडायची, सेकंड टाकला तरी रडतरडत, आणि मागून बाबा विचारणार, एसी बंद करू का रे. आधीच्या वर्कशॉपात स्कॅनर लावला, कोड (बिघाडाची नोंद) काहीच नाही, तरी इंजेक्टर, फ्युएल पंप, क्लच सेट असं लांबलचक एस्टिमेट हातात दिलं. अहो क्लच सरकत असता तर आरपीएम पळाला असता नि स्पीड मागे राहिला असता, इथे आरपीएमच चढत नव्हता!

इथले उस्ताद म्हणाले, "पार्ट बाद में, पहले नापेंगे." फ्युएल प्रेशर बरोबर, कॉम्प्रेशन (आतला दाब) चारही सिलिंडरांचं जवळपास सारखं. मग व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिन हवा किती जोरात ओढतंय ते मोजणारा काटा. आयडलला (गाडी नुसती चालू ठेवून) काटा 18 इंचांवर (पाऱ्याच्या) स्थिर, टायमिंग बेल्टचा (व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा) दात सरकला असता तर इथेच खाली दिसला असता (इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, त्यामुळे पुस्तकातल्या आकड्यापेक्षा दोनेक इंच कमीच धरायचं, हे मला नवीन होतं). 2500 आरपीएमवर धरून ठेवलं तर काटा हळूहळू उतरायला लागला, थांबेचना. म्हणजे एक्झॉस्ट (धूर बाहेर जायची वाट) तुंबलंय. खात्रीसाठी कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर साफ करणारा डबा) आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच भोकात प्रेशर गेज लावला, 5 पीएसआय! दीडच्या आत हवं. मूळ दुखणं प्लग वायरचं, मिसफायर व्हायचं, न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटायचं आणि आतली जाळी वितळून बसली. वायर तशीच ठेवली असती तर नवा कॅटही गेला असता.

कॅट आतून पोकळ करून द्या म्हटलं, स्वस्तात होईल, तर सरळ नाही म्हणाले, पीयूसीत अडकाल. ते बरोबरच. खर्च झाला पण त्या एस्टिमेटच्या निम्म्यातही नाही, आणि आता घाट थर्डमध्ये चढते.

तक्रारी आहेत. चेकिंगचे वेगळे पैसे, बसायला धड खुर्ची नाही, आणि सांगितलेल्या वेळेत गाडी मिळत नाही म्हणजे नाही. बिल मात्र मागून घ्या, आपणहून देत नाहीत.